दोन मीटर पंचवीसच्या खाली

इंग्लंडमध्ये आपल्या घरातलं वायरिंग आपणच करायला कायद्याने बंदी नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आनंदाने उडी मारायचीच काय ती बाकी राहिली होती. मी सांगलीत इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग केलेली बाई; त्यात वडील असे, की शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर कायम. बंदी नाही म्हणजे मिटलंच की! पण बाथरूमला एक एक्झॉस्ट फॅन लावायचं मनात आलं आणि मिटलेलं सगळं उघडलं.

रेडिंगमधलं आमचं घर १९३०च्या दशकातलं. आधीच्या मालकाने पोटमाळ्यावर, उतरत्या छताखाली एक बाथरूम काढलेलं. अंघोळ उरकली की वाफ तिथेच मुक्कामाला, आणि कोपऱ्यात काळी बुरशी. फॅन चाळीस पौंडांचा. भिंतीला एक भोक, चार वायरी, संपलं. बाबा व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "एवढं काय गं त्यात? अकरावीत असताना गच्चीवरचा अख्खा बोर्ड बसवला होतास तू."

आडवा आला तो 'पार्ट पी'. इथल्या बांधकाम नियमावलीचा हा भाग १ जानेवारी २००५ पासून लागू आहे. मूळ अट एका वाक्यात मावते: वायरिंग असं करा, की ते वापरणाऱ्याला, दुरुस्त करणाऱ्याला किंवा त्यात बदल करणाऱ्याला आगीपासून आणि इजेपासून संरक्षण मिळेल. याला कोण नाही म्हणेल? खरी मौज पुढच्या पानांत आहे. नवं सर्किट टाकलं, फ्यूजबोर्ड बदलला किंवा अंघोळीच्या जागेतल्या वायरिंगमध्ये बदल केला, की कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, कळवायचं. स्वयंपाकघर आणि बाग इंग्लंडने २०१३ मध्ये या यादीतून मोकळी केली. बाथरूम मात्र आहे तिथेच.

तेही सगळं बाथरूम नाही हं. टबाच्या कडेपासून ६० सेंटिमीटर आणि जमिनीपासून वर २.२५ मीटर, एवढाच मुलूख. त्याच्या वर कायद्याला पाणी उडताना दिसत नाही. इथल्या साध्या खोलीचं छत २.४ मीटरच्या आसपास असतं; म्हणजे टबाच्या बरोबर डोक्यावर छताला फॅन लावला तरी कळवायची गरज नाही. मी लगेच टेप काढली. पण आमचं छत उतरतं. फॅनच्या जागी आकडा आला २.२३.

"फरशी दोन सेंटिमीटर खणू या का?" मंदारने विचारलं. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे.

मग रीतसर रस्ते शोधले. एक, नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन. तो काम करतो आणि स्वतःच प्रमाणपत्राची व्यवस्था लावतो. दोन, काम आपण करायचं आणि तपासायला नोंदणीकृत त्रयस्थ नेमायचा. त्याला कामाआधी नेमायचं, काम संपल्यावर पाच दिवसांत कळवायचं, आणि त्याआधी मुळात असा माणूस सापडायला हवा. तीन, कामाआधी कौन्सिलकडे अर्ज आणि फी. फी पाहून फॅन मला फुकट वाटायला लागला.

चौथा रस्ता मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत कळला. "गुपचूप लाव गं, बघायला कोण येतंय?" बघायला घर घेणाऱ्याचा वकील येतो. घर विकताना भरायच्या फॉर्मवर साफ विचारलेलं असतं: २००५ नंतर विजेचं काम काय केलंत, आणि कागद कुठे आहेत? (तिकडे भारतातही कायदा परवानाधारक कंत्राटदारच मागतो. पण सॉकेटात आगपेटीच्या काड्यांनी वायर दाबून बसवणाऱ्या घरात कायदा सहसा चहा पिऊन निघून जातो.)

शेवटी इलेक्ट्रिशियन बोलावला. साठीचा, उंच, शांत माणूस. फ्यूजबोर्ड उघडून त्याने दातांतून हवा ओढली आणि विचारलं, "हे कोणी केलंय?" मला एकदम सांगलीत असल्यासारखं वाटलं, जगातल्या प्रत्येक वायरमनचं हे पहिलं वाक्य असतं. मी सुचवून पाहिलं, "काम मी करते, तुम्ही सही करा. मी इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे." कप खाली ठेवत तो म्हणाला, "माझ्या निम्म्या दुरुस्त्या इंजिनियरांच्याच घरी असतात." मला टॉर्च धरायचं काम मिळालं.

दिव्याचा डबा उघडला तर आत लाल आणि काळी वायर. माहेरचं माणूस भेटावं तसं झालं! लाल फेज, काळी न्यूट्रल. मग त्याने टायमरच्या फॅनसाठी नवी केबल सोलली: चॉकलेटी, काळी, करडी. काळी फेजला लावली. फोनवर बाबा ओरडले, "अगं, थांबव त्याला! काळा न्यूट्रल!" रंग २००४ मध्ये बदलले आणि मार्च २००६ नंतर जुने बंदच झाले, हे बाबांना पटेना. जुन्या तीनपदरी केबलमधली निळी फेज असायची आणि आता निळी न्यूट्रल असते, हे तर मी सांगितलंच नाही. तो मात्र काळ्या वायरीच्या दोन्ही टोकांना बोटभर चॉकलेटी, म्हणजे आताच्या फेजच्या रंगाची, नळी शांतपणे सरकवत होता, पुढच्या माणसाला कळावं म्हणून.

बाबांनी दिलेला टेस्टर मी अभिमानाने पुढे केला. त्याने तो दोन बोटांत धरून पाहिला आणि परत दिला. त्याचं यंत्र दोन टोकांचं. वीज बंद आहे हे तपासायची रीत अशी: आधी चालू लाईनवर यंत्र चालतंय का पाहायचं, मग बंद लाईन तपासायची, मग पुन्हा चालू लाईनवर यंत्र अजून चालतंय का पाहायचं. बाबा गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "हे बरोबर आहे त्याचं." पुढे ५०० व्होल्ट सोडून इन्सुलेशन तपासलं, अर्थिंग तपासलं, आणि प्रत्येक आकडा कागदावर गेला. फॅन बसवण्यापेक्षा लिहायलाच जास्त वेळ लागला.

फॅन सुरू झाला. वाफ जागची हलेना. त्याने वाकून दाराखालची फट पाहिली. "हवा येणार कुठून? खाली दहा मिलिमीटर फट हवी."

"दार तासायला कोणाला कळवावं लागतं?"

"दाराला? कोणालाच नाही."

त्याची गाडी वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत मी दार बिजागऱ्यांवरून उतरवलेलं होतं.