वजन उतरतंय, पण सांगू काय?

वजन कमी करायचंय, हे वाक्य आपल्याकडे चारचौघांत उच्चारू नये. भूक एक वेळ सोसते, सल्ले सोसवत नाहीत. मी बोलून गेले आणि संध्याकाळच्या आत चुलत दिरांनी कोबीच्या सूपचा व्हिडिओ पाठवला. सात दिवस नुसतं सूप, पाच किलो गायब.

मी कॉमर्सवाली, हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. किलोभर चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. सात दिवसांत पाच किलो, म्हणजे रोज 5,500ची तूट. एवढं आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतही कुणी जेवत नाही, मामेसासरे वगळता. मग तूट आणायची कुठून? काटा उतरतो हे खरं, पण त्यात पाणीच जास्त. शरीर साखरेचा साठा यकृतात आणि स्नायूंत ठेवतं आणि दर ग्रॅममागे जवळपास तिप्पट पाणी धरून बसतं. खाणं तोडलं की साठा आटतो, पाणीही जातं. दोन पुरणपोळ्या पोटात पडल्या की दोघं जोडीनं माहेरी परत.

हे सगळं फोनवर समजावलं. "भावजी, ते पाणी असतं हो."

"वहिनी, काट्याला काय कळतंय?"

मामेसासऱ्यांचं प्रकरण वेगळं. 2018च्या सुमारास घराघरांत दोन तट पडले होते. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित: दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपा. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. दुसरीकडे ऋजुता दिवेकर: तुपाला घाबरू नका, घरचं खा, थोडं थोडं, दर दोन तासांनी. घटस्फोट झाले नाहीत इतकंच. मामांनी मात्र कुणालाच दुखावलं नाही. घड्याळ समोर ठेवून दीक्षितांची दोन जेवणं पूर्ण 55 मिनिटं जेवायची आणि मधल्या वेळात दिवेकरांच्या नावानं तूप सुटलेला शिरा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, कूट सढळ. सहा महिन्यांनी पॅंट शिवायला टाकताना त्यांनी निकाल दिला: दोन्ही पद्धती फोल आहेत.

आमच्या घरातही टीव्हीवरची जाहिरात बघून मागवलेला घाम काढणारा पट्टा आहे. कमरेला गुंडाळून सोफ्यावर बसलं की पोट वितळतं म्हणे. सध्या त्यावर सासूबाई पाठ शेकतात आणि त्या कामाला तो उत्तम आहे.

आणि हल्ली इंजेक्शनं. आठवड्याला एक टोचायचं, 2025 मध्ये वजनासाठी म्हणून भारतात आली. औषध खरं आहे, ज्याला गरज आहे त्यानं डॉक्टरांना विचारून जरूर घ्यावं. पण बंद केल्यावर गेलेलं वजन बरंचसं परत येऊ शकतं, हे भिशीत कुणी सांगत नाही.

माझी अडचण निराळीच आहे. माझं वजन उतरतंय आणि मला सांगण्यासारखं काहीच नाही. ऑफिसमधून येताना दोन स्टॉप आधी उतरते, मंडईतून भाजी घेत चालत घरी. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं भरभर चालणं सांगते. मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करताना उभी राहते ती मिनिटं मी धरत नाही. लिफ्ट फक्त गॅस सिलिंडरला. पानात आधी उसळ आणि कोशिंबीर, मग पोळी. भात आहे, श्रीखंडही आहे, पण सणाला. रात्री मोबाइल हॉलमध्ये ठेवून वेळेवर झोप. महिन्याकाठी किलोभर उतरतं, एखाद्या महिन्यात काटा ढिम्म. याचा व्हिडिओ करायचा तरी कसा?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तो क्षण आलाच. "बारीक झालीस गं! काय करतेस?" सगळ्या वाण हातात धरून थांबल्या.

"भाजी आणायला चालत जाते."

"आणि?"

"आणि चालत येते."

कुणीतरी तिळगूळ पुढे केला. दोघीजणी जांभळ्या फुलांच्या चहाबद्दल बोलणाऱ्या बाईंकडे वळल्या. "सांगायचं नसेल तर राहू दे बाई," असंही कानावर आलं. शेजारच्या काकू मात्र जिन्यापर्यंत सोडायला आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "थायरॉइडची तपासणी करून घे हो. आमच्या जाऊबाईंचंही असंच सुरू झालं होतं."