कणभर

गहू सोडायला मी एका पायावर तयार होतो. अडचण एवढीच, की गहू मला सोडायला तयार नाही.

लोहाच्या गोळ्या गिळून गिळून कंटाळलो तरी हिमोग्लोबिन जागचं हलेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंना संशय आला. त्यांनी रक्ताची एक चाचणी सांगितली आणि मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढायचं ठरवलं. वर बजावलं, "हे सगळं होईपर्यंत गहू बंद करू नका हं, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल यायचा." त्यामुळे वैद्यकीय सल्ल्यानुसार बिस्किटं खाण्याचं भाग्य मला काही काळ लाभलं. घरात कुणी डोळे वटारले की मी प्रिस्क्रिप्शन दाखवायचो.

रिपोर्टात सीलिअ‍ॅक निघाला. ग्लुटेन, म्हणजे गव्हासारख्या काही धान्यांतलं प्रथिन, पोटात गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा भडकते आणि आपल्याच आतड्यावर चाल करून जाते. लहान आतड्याला आतून मऊ लवदार गालिचा असतो, त्याची माझ्या बाबतीत सतरंजी झाली होती. त्यामुळे खाल्लेलं लोह अंगी न लागता तसंच पुढे निघून जायचं. हा आजार साधारण शंभरात एकाला असतो म्हणे. शंभरात एक यायची माझी ही पहिलीच वेळ. औषध नाही, ऑपरेशन नाही. उपचार एकच, तोही जन्मभराचा: गहू, जव आणि राय बंद.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच," बाई म्हणाल्या. फार मनमिळाऊ बाई आहेत.

राय मी आयुष्यात पाहिलेली नव्हती, त्यामुळे तिचा त्याग मला सहज जमला. जवाशी माझं नातं काय, हे बीअरच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचल्यावर कळलं आणि मन जड झालं. पण खरा गोंधळ गव्हाचा. पाव, केक, बिस्किट, पास्ता या ठिकाणी तो राजरोस असतो, तिथे त्याला हात जोडून पुढे जाता येतं. सोया सॉसमध्ये तो काय करतो? नावात सोया, रंग काळा, चव खारट, आणि घटकांच्या यादीत गहू! पाकिटातल्या सुपात तो दाटपणा आणायला येतो. कॉर्नफ्लेक्स मक्याचे म्हणून निर्धास्त होऊन हातात घ्यावेत, तर शेवटच्या ओळीत जवाचं माल्ट दबा धरून बसलेलं. ओट्सची कथा तर मनाला चटका लावणारी. बिचारे बहुतेक रुग्णांना चालतात, पण शेतापासून गिरणीपर्यंत गव्हाच्या संगतीत वाढतात आणि संगतीने नासतात. ग्लुटेन-मुक्त असा शिक्का असेल तरच घ्यायचे, आणि तेही डॉक्टरांना विचारून, कारण काही जणांना शुद्ध ओट्ससुद्धा सोसत नाहीत.

तर मी सध्या वाचतो. पूर्वी महिनोन् महिने पुस्तक उघडत नसे, आता दुकानात उभ्याने बरण्या, पाकिटं, बाटल्या वाचून काढतो. चश्म्याचा नंबर बदलून घेतला. एका पाकिटावर "गहू हाताळणाऱ्या कारखान्यात तयार केलेले" असं वाचून मी मोठ्याने "अरे देवा" म्हणालो, तेव्हा शेजारच्या बाईंनी आपल्या टोपलीतलं तेच पाकीट गुपचूप परत ठेवलं. दुकानाचा पहारेकरी मला लांबून ओळखतो. इतका वेळ घेऊन इतकं कमी विकत घेणारा माणूस त्याच्या नोकरीत दुसरा आला नसावा.

एवढी बारीक नजर कशाला, असं लोक विचारतात. हिशेबच तसा आहे. एखाद्या पदार्थाला ग्लुटेन-मुक्त म्हणायचं तर त्याच्या एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत बाधत नाही असं मानतात. आता गव्हाच्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये ग्लुटेन असतं दोन ग्रॅमच्या घरात. म्हणजे एका स्लाइसचे दोनशे तुकडे करा, त्यातला एक उचला, झाला माझा दिवसाचा कोटा. उरलेल्या एकशे नव्व्याण्णव तुकड्यांशी माझं वैर. आणि असले तुकडे कुठे सापडत नाहीत? टोस्टरच्या तळाशी, लाकडी पाटाच्या चिरेत, पास्ता निथळायच्या चाळणीच्या भोकांत, लोण्याच्या डब्यात. लोण्याच्या डब्यात तर त्यांची वसाहतच असते. घरातला प्रत्येक जण पावावर सुरी फिरवतो आणि तीच सुरी परत लोण्यात बुडवतो, हे पूर्वी माझ्या खिजगणतीतही नव्हतं.

आता माझा टोस्टर वेगळा, लोणं वेगळं, चमचे वेगळे. त्यांच्यावर लाल पट्ट्या चिकटवल्या आहेत. आमच्या चिरंजीवांनी एक लाल पट्टी माझ्या पाठीवरही चिकटवली होती. मी ती मिरवत सबंध संध्याकाळ फिरलो, आणि बायकोनेही सांगितलं नाही. रुग्णांमधली जास्तच काटेकोर मंडळी म्हणतात, जोडीदाराने पाव खाल्ला असेल तर त्याने आधी दात घासावेत आणि मगच जवळ यावं. हे मी बायकोला फार आडवळणाने सुचवलं. ती म्हणाली, "त्यापेक्षा मी पाव खाते."

ग्लुटेन-मुक्त पावाबद्दल मी सभ्य शब्दांत लिहायचं ठरवलं आहे. ग्लुटेन हे कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन. आंबताना तयार होणारा वायू तेच धरून ठेवतं, म्हणून पाव फुगतो. ते काढून घेतलं की तांदळाचं पीठ, बटाट्याचा स्टार्च, टॅपिओका या सगळ्यांना एकत्र धरून ठेवायला कुणीच उरत नाही. मग झँथन गम किंवा इसबगोल घालून त्यांच्यात कशीबशी युती घडवून आणतात, आणि युती टिकते तितकीच टिकते. विकतच्या पावाच्या मधोमध हमखास एक भोक असतं. लोणं लावलं की ते थेट तळहातावर उतरतं. पाव भाजला की खाण्यालायक होतो, न भाजता राहिला तर दुसऱ्या दिवशी खोडरबर म्हणून चालतो. इसबगोलमुळे आणखी एक फायदा होतो, पण सभ्य शब्दांत लिहायचं ठरलंय.

बाहेर खायला जाणं हा स्वतंत्र छळ. एका हॉटेलात वेटरला मी पाठ केलेलं छोटं भाषण म्हणून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, आत जाऊन आला आणि आनंदाने म्हणाला, "काळजी नको सर, यात गहू अजिबात नाही. फक्त मैदा आहे." तर दुसऱ्या एका ठिकाणी वेटरने समजूतदार हसून विचारलं, "डाएट का, सर?" फॅशन म्हणून ग्लुटेन सोडणाऱ्यांवर मी चिडावं की त्यांचे आभार मानावेत, हे माझं ठरत नाही. त्यांच्यामुळे दुकानात माझ्यासाठी फळी भरलेली असते. आणि त्यांच्यामुळेच स्वयंपाकघरात माझी मागणी कुणी गंभीरपणे घेत नाही, कारण आधीच्या गिऱ्हाइकाने "ग्लुटेन चालत नाही" म्हणत शेवटी केक मागवलेला असतो.

केकवरून ऑफिस आठवलं. प्रत्येक वाढदिवसाला माझ्याभोवती घोळका जमतो. "वरचं क्रीम तरी खा." "अरे, कडेचा खा, कडेला कमी असेल." हे माझे इंजिनिअर सहकारी.

या सगळ्यांवर ताण म्हणजे आमची आत्या. "अरे, कणभर खाल्लंस तर काय मरणारेस का?" हा तिचा लाडका प्रश्न. कणाचं गणित तिला पटेना, म्हणून मी तिला इतिहास सांगायला घेतला. लंडनच्या सॅम्युअल जी या डॉक्टरने १८८८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं आणि इलाज आहारातच आहे हेही ओळखलं. पण पथ्य सांगताना भाताला बंदी घातली आणि पातळ कापून भाजलेल्या पावाला परवानगी दिली! त्याच्या एका छोट्या रुग्णाला रोज उत्तम डच शिंपले भरवत, त्यावर ते मूल छान बाळसं धरू लागलं. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि दुखणं परतलं. पुढच्या हंगामात पोराने शिंपल्यांना तोंड लावायला साफ नकार दिला. मग १९२४ मध्ये अमेरिकेतल्या सिडनी हास यांनी मुलांना केळी खाऊ घातली. मुलं सुधारली, कारण पाव बंद होता, आणि श्रेय मात्र केळ्यांनी लाटलं. शेवटी विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी गव्हाला पकडलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला. सगळा देश उपाशी, पण ही आजारी मुलं सुधारत होती. पाव परत आला तशी पुन्हा ढासळली. १९५० मध्ये डिके यांनी यावर प्रबंधच लिहिला.

आत्या शांतपणे ऐकून घेत म्हणाली, "म्हणजे लढाई झाली ते बरंच झालं म्हणायचं."

मी नाद सोडला. पण ऐकलेलं तिच्या डोक्यात मुरत असावं. परवा नातेवाईक जमले होते. केक कापून झालेली सुरी घेऊन एक काका माझ्यासाठी ठेवलेल्या फळांकडे वळले, आणि आत्याने त्यांचं मनगट धरलं. "खबरदार! ती सुरी केकला लागलीय. कणभरसुद्धा चालत नाही त्याला!" काका वरमले. मग आत्याने सगळ्यांना बसवून माझा आजार समजावून सांगितला: लढाईत हॉलंडची पोरं उपाशी होती, तेव्हा एका डॉक्टरने त्यांना शिंपले आणि केळी खायला घालून खडखडीत बरं केलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझी फळं तिच्या ताब्यात सुखरूप होती. काकांनी तोवर फोन काढून शिंपले कुठे मिळतील याची चौकशी सुरू केली होती.