साकवावरची हजेरी

आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले दोन आठवडे एकच विषय आहे: शाळा. पट सहावर आलाय. ती बंद करून मुलांना चार किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत घालायचं, अशी बोलणी चालली आहेत. मी नॉर्वेत, बर्गनला राहतो. कामावरून आलो की जेवणाआधी ते सगळं वाचून काढतो, आणि मग जेवणात लक्ष लागत नाही.

मुंबईतले बरेच चाकरमानी म्हणतात, बंद झालेली बरी, सहा पोरांत पोर काय शिकणार? जुनी माणसं म्हणतात, पाठवा की लांब, आम्ही नाही का चाललो? आणि मग कोणीतरी हमखास अण्णा कर्व्यांचं, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं, नाव काढतं. दापोलीजवळच्या मुरुडहून परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून ते चालत साताऱ्याला गेले होते, ही गोष्ट कोकणात प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. तिचा शेवट मात्र फारसा कोणी सांगत नाही. एवढं चालून पोचल्यावर, हा मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. आणि याच अण्णांनी १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, लोकल बोर्डाची शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केलं. जो माणूस स्वतः एवढा चालला, त्याने म्हातारपणी शाळा मुलांच्या दाराशी नेली. त्यांचं नाव घ्यायचं तर हेही सांगायला हवं.

चालण्याचं मला वावडं नाही. माझं बालपणच त्या वाटेवर गेलं. राजापूर तालुक्यातली आमची वाडी सड्याखाली, म्हणजे कातळाच्या पठाराखाली, आणि वाडी नि शाळा यांच्यामध्ये पऱ्ह्या, म्हणजे ओढा. एरवी घोटाभर पाणी, आम्ही त्यात खेकडे शोधायचो. मृग लागून चार पाऊस झाले की तोच पऱ्ह्या तांबडा होऊन धावत सुटायचा. दर मे महिन्यात वाडीतली माणसं त्यावर साकव घालायची: पोफळीचे ओंडके, वर आडव्या कामट्या, एका बाजूला धरायला बांबू. जुलैपर्यंत ओंडक्यांवर शेवाळ धरायचं आणि पाय ठेवला की बुळबुळीत लागायचं.

ओलांडायची रीत ठरलेली होती. चौथीतली शेजारची ताई अलीकडे थांबून एकेकाला सोडायची, आणि पलीकडे गुरुजी छत्री घेऊन उभे असायचे. आपण पलीकडे पाय टेकला की ते मोठ्याने नाव घ्यायचे. पाण्याच्या आवाजावर आपण ओरडायचं, "हजर!" पट अकराचा. अकरावं नाव झाल्याशिवाय ते शाळेकडे वळत नसत. पावसाळ्यात वर्गात पुन्हा हजेरी घेतल्याचं मला आठवत नाही.

एकदा माझ्या चुलत बहिणीचा पाय कामट्यांत अडकला. ताईने तिला दप्तराच्या पट्ट्याला धरून मागे ओढली. पाटी वाहून गेली. घरी पाटीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. काकीने तिचा घोटा हळद लावून बांधला, आणि बाबांनी त्याच संध्याकाळी कंदील घेऊन जाऊन साकवाच्या कामट्या बदलल्या. मी कंदील धरला होता. मागचा सुखरूप आल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे मी कुठल्या धड्यातून शिकलो नाही, त्या वाटेवर शिकलो.

आता माझी मुलगी इथे शाळेत चालत जाते. डिसेंबरात सकाळी नऊ वाजले तरी सूर्य उगवलेला नसतो. अंगावर चमकत्या पट्ट्यांची जाकिटं घालून मुलांची रांग निघते, मोठी मुलं मागे. ते बघून मला दर वेळी साकव आठवतो. आमचं घर दीड किलोमीटरवर, म्हणून ती चालते. इथला कायदा असा की पहिलीच्या मुलाचं घर २ किलोमीटरपलीकडे असेल, पुढच्या इयत्तांत ४ किलोमीटरपलीकडे, तर त्याची ने-आण फुकट व्हायलाच हवी. आणि वाट फार धोक्याची किंवा अवघड असेल तर अंतर मोजतच नाहीत.

इथे सगळं गोड आहे असं नाही. फियोर्डकाठच्या नि बेटांवरच्या लहान शाळा इथेही बंद होतात, कारणंही तीच, पट आणि पैसा. गावं चिडतात, भांडतात, कधी हरतात. पण ठराव होण्याआधी गावाचं म्हणणं लेखी मागवलं जातं, आणि मूल शाळेत कसं पोचणार हा प्रश्न त्यात असतोच.

आपला कायदा याहून उदार आहे. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला. त्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतच्या मुलाला चालत १ किलोमीटरच्या आत शाळा हवी, सहावी ते आठवीला ३ किलोमीटरच्या आत. असं असताना २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, पानशेत नि तोरणमाळच्या अशा शाळांचे दाखले देऊन. तिथे काय जमलं ते जरूर बघावं. पण नकाशावरचं किलोमीटर आणि कोकणातलं किलोमीटर एक नसतं. आमच्या वहिनीने मला व्हॉइस मेसेज पाठवलाय: "भाऊजी, रिक्षा लावून देतो म्हणतायत. साकव आता सिमेंटचा झालाय, पण माणूस जाईल एवढाच. रिक्षा उभी राहणार पलीकडे. आषाढात पोरीला तिथवर सोडायला लावणी टाकून रोज कोण जाणार?"

चाकरमान्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. वहिनीची मुलगी तिच्या इयत्तेत एकटी आहे. लंगडीला गडी पुरत नाहीत. हे दुःख खरं आहे, आणि पट सहावर आलाय तो आम्ही गाव सोडलेल्यांमुळेच: त्या अकरांतले आज दोघेच वाडीत आहेत. मग दर शनिवारी आजूबाजूच्या वाड्यांतली मुलं केंद्रशाळेत एकत्र आणा ना, त्या एका दिवसाच्या गाडीचा खर्च आम्ही बाहेरचे उचलू. मी ग्रुपवर तसं लिहिलंय. बाकीचे पाच दिवस शाळा वाडीजवळच राहू दे.

मी तिसरीत असताना एका सकाळी साकवच वाहून गेला. आम्ही अकराजण अलीकडे, गुरुजी पलीकडे. त्यांनी हातानेच खूण केली, घरी जा. आम्ही परत फिरलो. दोन तासांनी ते सड्यावरून वळसा घालून, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, आमच्या खळ्यात आले. आईने पाय धुवायला पाणी दिलं, चहा ठेवला. पडवीत पोत्यावर आम्ही बसलो, पागोळ्यांच्या आवाजात त्यांनी एकेक नाव घेतलं, अकराही, आणि मग तेराचा पाढा सुरू केला.