"मॅडम, वरची ट्यूब फडफडतेय"

मागच्या सत्राच्या परीक्षेत माझी सुपरव्हिजन होती. पेपर सुरू होऊन दहाएक मिनिटं झाली असतील, तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. पुरवणी हवी असेल म्हणून गेले. ती हळूच म्हणाली, "मॅडम, वरची ट्यूब फडफडतेय. मी जागा बदलू का?" मी वर पाहिलं. ट्यूब मस्त पेटलेली. "अगं, दोन तासांचा तर प्रश्न आहे, पेपरकडे लक्ष दे," म्हटलं आणि पुढे गेले.

उरलेला वेळ ती डाव्या हाताचा आडोसा कपाळाशी धरून लिहीत होती. बोरू दाबून लिहावं तसं पेन दाबून. पेपर संपल्यावर गठ्ठे मोजायला मी नेमकी त्याच बाकावर टेकले. ट्यूबचं एक टोक काळं पडलेलं होतं आणि तिथे काहीतरी बारीक थरथरत होतं. दोन-तीन मिनिटांत माझेही डोळे चुरचुरायला लागले. मी तिला काय म्हणाले होते? लक्ष दे. तिचं लक्ष जरा जास्तच जात होतं, हीच तर तिची अडचण होती!

आपल्याकडे 'संवेदनशील' हा शब्द दोनच ठिकाणी वापरतात. एक कवीसाठी, दुसरा जिथे पोलीस बंदोबस्त लावावा लागतो त्या भागासाठी. आवाज, उजेड, वास, गर्दी ज्यांना इतरांपेक्षा जास्त जाणवते त्यांच्यासाठी आपल्याकडे 'नाजूक', 'नखरेल' आणि 'जरा जास्तच मनाला लावून घेतो' एवढेच शब्द आहेत.

इलेन आणि आर्थर अॅरन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९९७ मध्ये या स्वभावगुणावर शोधनिबंध लिहिला आणि तो मोजायला २७ प्रश्नांची एक प्रश्नावली दिली. हा आजार नाही. काहींची मज्जासंस्था बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट अधिक खोलवर चाळते, एवढंच. २०१८ मध्ये ९०६ जणांच्या उत्तरांवरून संशोधकांनी तीन गट पाडले: साधारण ३१ टक्के जास्त संवेदनशील, ४० टक्के मधले, २९ टक्के कमी. त्यांना फुलांची नावं दिली, अनुक्रमे ऑर्किड, ट्यूलिप आणि डँडेलियन. (नावं ठेवण्याची हौस शास्त्रज्ञांनाही असते.) म्हणजे साठ जणांच्या वर्गात अशी पंधरा-वीस मुलं सहज असू शकतात.

त्या प्रश्नावलीतही एक गंमत आहे. तिच्यात तीन वेगळे धागे निघतात: पटकन भांबावून जाणं, थोड्याशा आवाजा-उजेडानेही त्रास होणं आणि सुंदर गोष्टींनी आतून हलून जाणं. उदासीशी नातं दिसतं ते मुख्यतः पहिल्या दोघांचं. सूर ऐकून अंगावर काटा येणाऱ्या मुलाला म्हणून नैराश्य येतं, असं नाही.

मग नैराश्य येतं कुठून? वर्गात आणि मुलांशी बोलताना मला दिसतं ते असं. दिवसभर वर्ग, कँटीन, लायब्ररीतली कुजबूज, रात्री रूममेटचा फोन. झोप मोडते. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तोच आवाज दुप्पट टोचतो. मग मूल टाळायला लागतं. आधी गॅदरिंग, मग ग्रुप प्रोजेक्ट, मग मित्रांबरोबर जेवायला बसणं. आवाज टळतो, पण त्याबरोबर माणसंही जातात. दाराला आतून कडी लावून बसलेल्या मुलाला शांतता हवी आहे की त्याला आता काहीच नको आहे, हे बाहेरून कळत नाही. कधीकधी त्यालाही कळत नाही.

हा फरक मात्र करायलाच हवा. शांत खोलीत दोन तास पडल्यावर ज्याला बरं वाटतं, तो दमलेला असण्याची शक्यता जास्त. पण आवडीच्या गोष्टींतही रस उरलेला नाही, मन खाली खाली जातंय, झोप-भूक बिघडलीय, आपण कुचकामी आहोत असं वाटतंय आणि हे दोन आठवडे जवळजवळ रोज चाललंय, तर इअरप्लगने भागणार नाही. डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर त्याच दिवशी, आणि एकट्याने नाही, कुणाला तरी सोबत घेऊन.

आता माझी खरी चिडचिड. आम्ही मुलांना 'रेझिलिअन्स'च्या, म्हणजे तणाव पेलायला शिकवणाऱ्या कार्यशाळांना बसवतो आणि त्यात शिकवतो काय, तर कातडी जाड करा. गच्च भरलेल्या हॉलमध्ये, किंचाळणाऱ्या माइकवरून! अहो, गेंड्याची कातडी मागून मिळत नसते. तणाव पेलणं म्हणजे न हलणं नव्हे, हलल्यावर सावरणं. आणि सावरायला जागा लागते, वेळ लागतो.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत काही प्रयोग केले. लोकांना कर्कश, अवेळी येणारा आवाज ऐकवत कामं करायला लावली. काहींना एक बटण दिलं: फारच झालं तर दाबा, आवाज थांबेल, पण नाही दाबलंत तर बरं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. आवाज सगळ्यांनी सारखाच सोसला. पण नंतर दिलेल्या न सुटणाऱ्या कोड्यांशी बटणवाले जास्त वेळ झटले, प्रूफ तपासताना त्यांच्या चुकाही कमी झाल्या. आवाज आपल्या हातात आहे, एवढ्या भरवशानेच फरक पडला.

त्या मुलीने माझ्याकडे ते बटणच मागितलं होतं. मी दिलं नाही.

'मग काय प्रत्येकाचे लाड करायचे?' असं विचारणारे सहकारी आहेत. त्यांच्यासाठी अजून एक. २०१५ मध्ये मायकेल प्लुएस आणि इलोना बोनिवेल या मानसशास्त्रज्ञांनी लंडनमधल्या शाळकरी मुलींसाठीच्या नैराश्य-प्रतिबंधक कार्यक्रमाचे निष्कर्ष मांडले. कार्यक्रमाचा गुण आला तो जास्त संवेदनशील मुलींना. बाकीच्यांच्यात फारसा फरक नाही. ज्याला वाईट जास्त लागतं, त्याला चांगलंही जास्त लागतं. शेतातला जो कोपरा पाणी धरतो, तिथे खतही जास्त मानवतं, तसं काहीसं.

या सत्रात पहिल्याच तासाला मी सगळ्यांना चिठ्ठीवर लिहायला सांगितलं: कुठे बसलात तर बरं वाटेल? नाव नको. बऱ्याच जणांनी 'शेवटचा बाक' लिहिलं, ते अपेक्षितच होतं. एकाने लिहिलं, "दारापासून लांब. दार आपटतं."

गेली तीन वर्षं मी त्या वर्गात शिकवतेय. दार आपटतं हे मला तेव्हा कळलं. आता मी चौकटीत कागदाची घडी खोचून ठेवते. झाडलोटीत ती निघून जाते, म्हणून पर्समध्ये दोन जास्तीच्या असतात.