‘टिप’ हे कशाचेही लघुरूप नाही

हॉटेलच्या बिलाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो: ‘टिप म्हणजे टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस, तत्परतेच्या खात्रीसाठी. सतराव्या शतकात लंडनच्या कॉफीगृहांत ही अक्षरे लिहिलेली पेटी असे. आत नाणे टाकणाऱ्याला सेवा लवकर मिळे.’ हे खरे नाही. मुलांच्या सामान्यज्ञानाच्या वहीत तर ते मुळीच जाऊ नये.

आधी सालच पाहा. लंडनमधले पहिले कॉफीगृह १६५२ चे. त्याच्या चाळीसेक वर्षे आधी, १६१० च्या सुमारास, इंग्लंडातल्या भामट्या-भिकाऱ्यांच्या चोरबोलीच्या छापील नोंदीत ‘टिप’ म्हणजे ‘दे’ असा अर्थ सापडतो. पेटी यायच्या आधीच शब्द हजर होता! नोकराला खुशीने पैसे देणे हा अर्थ त्यातूनच अठराव्या शतकात रुळला. घोड्यांच्या शर्यतीची आतली खबर ‘देणे’ हाही त्याचाच फाटा. शेअर बाजारातल्या टिप्स त्याच घराण्यातल्या. बोटाचे टोक सांगणारे ‘टिप’ मात्र वेगळे, ते उत्तर युरोपातल्या जर्मानिक भाषांच्या कुळातून आलेले. आपल्या ‘तळटिपे’चा तर या कुणाशीच संबंध नाही, ती ‘टिप्पणी’च्या गोतावळ्यातली.

आद्याक्षरे जोडून शब्द घडवण्याची रीतही विसाव्या शतकात फोफावली. ‘रडार’ १९४० चा, ‘लेझर’ १९५० च्या दशकाच्या अखेरचा. चारशे वर्षांच्या शब्दाला कुणी असे पूर्णरूप चिकटवले, तर आधी शंकाच घ्यावी.

‘इन्शुअर म्हणजे विमा उतरवणे; खात्री करणे या अर्थी एन्शुअर हवे होते’ असाही प्रतिवाद होतो. तो मला पटत नाही. त्या काळी दोन्ही स्पेलिंग एकाच अर्थाने चालत. खोटे खोडताना लंगडा पुरावा वापरू नये.

राहिले ‘आधी पैसे, मग सेवा’. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या बड्या घरांतून पाहुणा निघाला की नोकर दाराशी रांगेत उभे राहत आणि त्यांच्या हातावर ‘वेल्स’, म्हणजे बक्षिसीचे पैसे, ठेवावे लागत. हा खर्च इतका जाचक झाला की १७६० च्या सुमारास तो बंद करण्याची चळवळ झाली. म्हणजे पैसे जाताना दिले जात, येताना नव्हेत. फ्रेंच ‘पुरब्वार’ आणि जर्मन ‘ट्रिंकगेल्ट’ या दोन्हींचा अर्थ पिण्यासाठी दिलेले पैसे, आणि आपल्या ‘बक्षिसी’च्या मुळाशी असलेल्या फारसी शब्दाचा अर्थ देणे. तत्परतेची अट यांतल्या एकातही नाही.