काळं करायचा धीर

चित्रकला शिकायची तर सुरुवात म्हणे अंड्यापासून. पांढरं, गोलसर, एका बाजूनं उजेड. छायाप्रकाशाचा सगळा अभ्यास त्यात येतो. हे सांगणाऱ्या सरांना सदाशिव पेठेतल्या माझ्या सासूबाई ठाऊक नसणार. बऱ्याच वाटाघाटींनंतर तह झाला: अंडं गॅलरीत चपलांच्या स्टँडवर राहील, ते कुणी खाणार नाही आणि काम झालं की कुठं जातं हे त्यांना सांगायचं नाही.

पण गॅलरीत ऊन जागेवर थांबेना. अर्धं अंडं छायांकित होईपर्यंत सूर्य टाकीच्या मागं. शेवटी अंड्याला घरात बढती मिळाली. टेबलावर, खाली सकाळचा पेपर, बाजूला टेबललॅम्प. आता मात्र सगळं नीट दिसायला लागलं. वर उजळ ठिपका, मग हळूहळू उतरत जाणारा करडा, मग सगळ्यात गडद पट्टा, आणि त्याच्याही खाली पेपरवरून परतलेला मंद उजेड. या परतलेल्या उजेडापाशी भलेभले फसतात. तो कितीही चमकला तरी उजेडाच्या बाजूपेक्षा गडदच ठेवायचा, नाहीतर अंडं सपाट होतं. मी श्वास रोखून पट्टा भरतेय, तेवढ्यात सासूबाई आल्या.

"अगं, अंधारात काय काढतेस? डोळे जातील!" खट्ट. ट्यूबलाइट. अंड्याला दोन सावल्या, दोन ठिपके, आणि ज्याच्या जिवावर गोलाई उभी होती तो पट्टा गुल. वर चित्र बघून, "वांगं छान आलंय."

सरांचं म्हणणं, गडद कर, अजून गडद कर. पेन्सिली मी अप्पा बळवंत चौकातून २एचपासून ८बीपर्यंत आणल्या होत्या. त्यातलं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, ती एच; कमी तर मऊ आणि काळी, ती बी. ही युक्ती काँते नावाच्या फ्रेंच माणसानं १७९५ साली काढली. त्याचं बरं होतं, त्याला आमच्या घरात वाढायचं नव्हतं. तूप, साखर आणि पेन्सिल आमच्याकडे पुरवून वापरायची. हात काळ्याकडे वळतच नाही. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत चढत्या चौकटी भरायला दिल्या, तर माझ्या पहिल्या तीन बऱ्या आल्या आणि पुढच्या सगळ्या एकसारख्या, पावसाळी. ८बीनं जोर लावला तर ग्रॅफाइट काळं व्हायचं सोडून ट्यूबलाइटखाली चकाकायला लागलं.

त्यात डोळे शत्रुपक्षाला मिळालेले. एडेल्सन नावाच्या शास्त्रज्ञाचं १९९५ सालचं एक चित्र आहे: बुद्धिबळाचा पट, त्यावर नळकांड्याची सावली. उजेडातलं काळं घर आणि सावलीतलं पांढरं घर, दोन्ही अगदी एकाच करड्या रंगाची; पण शपथेवर सांगितलं तरी पटत नाही. डोळा दिसतं ते बघत नाही, त्याला माहीत असतं ते बघतो. म्हणून मी एका जुन्या लग्नपत्रिकेला पंचिंग मशीननं भोक पाडलं आणि आजूबाजूचं झाकून त्यातून जग बघायला लागले. उन्हातली काळी छत्री सावलीतल्या पांढऱ्या धोतरापेक्षा उजळ निघाली. धोतर सासऱ्यांचं होतं. त्यांना हे सांगायला नको होतं.

पत्रिका जवळ नसेल तर डोळे बारीक करायचे. बारकावे पुसले जातात आणि उजेड-काळोखाचे ढोबळ आकार तेवढे उरतात. मंडईत मी फ्लॉवरकडे असं डोळे बारीक करून बघितलं, तर मावशींनी न विचारता पाच रुपये कमी केले. आतापर्यंतची ही एकमेव कमाई.

मग वाटलं, अंडं पुरे. जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराचं देऊळ आहे. आठव्या शतकातलं, खडकात कोरलेलं आणि अर्धवट राहिलेलं. पुण्यातली कामं अर्धवट राहण्याची परंपरा किती जुनी आहे बघा. समोर गोल नंदीमंडप, जाड खांब. एका अंगाला भाजणारं ऊन, दुसऱ्या अंगाला काळाकुट्ट दगड. इथं तरी काळं करायला धीर लागू नये. मी बसले, ६बी काढली आणि खरंच दाबून एक खांब काळा केला.

पाठीमागं कुणीतरी थांबलं. पायजमा, हातात पिशवी, वय सत्तरीचं.

"उजवीकडचा खांब का सोडला?"

"तिथं ऊन आहे, काका."

"कुठंय ऊन?"

ऊन खरंच नव्हतं. काका सूर्याच्या आणि माझ्या मध्ये उभे होते, आणि त्यांची सावली माझ्या कागदावर पसरली होती.

"तुमची सावली पडलीय," मी शक्य तितक्या नम्रपणे म्हटलं.

काकांनी कागदाकडे बघितलं, मग स्वतःच्या सावलीकडे. पिशवी खाली ठेवली.

"मग तीही काढा. आम्हाला घाई नाही."