गेटबाहेरचे तास कुणाच्या हिशेबात धरायचे?

चाकण-तळेगाव रस्त्यावर कोंडी झाली की फेसबुकवर पहिला उद्धार ट्रकवाल्यांचा होतो. मी ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे, त्यामुळे हवं तर मला पक्षपाती म्हणा. पण रस्त्याच्या कडेला गाडी लावायची हौस कुठल्याच ड्रायव्हरला नसते. माल घेऊन कारखान्याच्या गेटवर पोचलं की सिक्युरिटीवाला बिल्टी (मालाची पावती) बघतो, 'नंबर लागला की बोलावतो' म्हणतो आणि गाडी बाहेर काढायला लावतो. आत पार्किंग नाही, बाहेर संडास नाही. नंबर दोन तासांनी लागेल की उद्या दुपारी, कुणी सांगत नाही. ड्रायव्हर जेवायलाही लांब जात नाही, कारण पुकारा झाला आणि तो जागेवर नसला तर गाडी परत रांगेच्या शेवटी.

गंमत बघा. याच गाडीत जीपीएस आहे. काचेवर फास्टॅग आहे, २०२१ पासून सक्तीचा. कोल्हापूरहून निघालेली गाडी खेड शिवापूरचा टोल किती वाजता ओलांडून गेली, हे मालकापासून कंपनीच्या डिस्पॅचपर्यंत सगळे मोबाइलवर बघतात. ढाब्यावर अर्धा तास थांबली की लगेच फोन, 'गाडी का उभी आहे?' तीच गाडी गेटबाहेर रात्रभर उभी राहिली तर एकाचाही फोन येत नाही.

ई-वे बिलाचं, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचं तर विचारूच नका. २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत हा हिशेब. गाडी वेळेत पोचते, गेटसमोर उभी राहते आणि रात्री बाराला बिल संपतं. मग आठ तासांच्या आत मुदत वाढवून घ्यायची पळापळ आमची.

यावर दरवेळी कुणीतरी नवीन ॲप काढतं. इंग्रजीतलं, ओटीपी मालकाच्या नंबरवर जाणारं. अहो, ॲप नको. कुठली गाडी डॉकला (माल उतरवायच्या जागेला) लागली, मागे किती उभ्या आहेत, हे कंपनीवाल्यांनो, तुमच्या कॉम्प्युटरवर असतंच. त्यातली एक ओळ ड्रायव्हरच्या व्हॉट्सॲपवर टाका: 'आपकी गाड़ी शाम छह बजे के बाद लगेगी.' वाचता येत नसेल त्याला व्हॉइस मेसेज. एवढं कळलं तरी तो मोकळ्या जागेत गाडी लावून झोपेल, आंघोळ करेल. आदल्या दिवशीच वेळ कळवलीत तर निघेलच उशिरा.

(१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, छान झालं. पण इंजिन बंद करून उभ्या गाडीत तो एसी काय कामाचा?)

खरी मेख मात्र पैशात आहे. हाल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, मोजतात गेट एन्ट्रीपासून. बाहेरचे तास रजिस्टरमध्ये येतच नाहीत. म्हणजे गाडी जितकी उशिरा आत घ्याल तितकं कागदावर तुमचं अनलोडिंग झटपट! जीपीएसचा रिपोर्ट बिलाला जोडला तर एका कंपनीतून उत्तर आलं, 'आमच्या सिस्टीमला एन्ट्री दुसऱ्या दिवसाची आहे.' विषय संपला. ज्याला थांबवून ठेवणं फुकट पडतं तो मेसेज कशाला पाठवेल?

अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांचा २०१८ चा अहवाल आहे. माल चढवण्या-उतरवण्याच्या जागी सरासरी १५ मिनिटं जास्त गेली तर अपघाताचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात म्हटलंय. १५ मिनिटं! आपल्याकडे याला कुणी थांबणं म्हणत नाही. आमच्या ड्रायव्हरला पैसे ट्रिपवर मिळतात, त्यामुळे दिवसा गेटवर गेलेला वेळ तो रात्री घाटात भरून काढतो.

पुढच्या रेट कॉन्ट्रॅक्टमध्ये मी एक ओळ टाकणार आहे: जीपीएसवर गाडी गेटपाशी पोचली तिथपासून हाल्टिंग. एकट्याने टाकली तर काम दुसऱ्याकडे जाईल, हे मला कळतं. चाकणातल्या पाच-सहा ट्रान्सपोर्टरांनी मिळून टाकली तर समोरच्याला बोलायला बसावं लागेल. तयार असाल तर इनबॉक्स करा.